दुटोकी आकड्याचा पतंग

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२२ ऑगस्ट १९५४

लीला,

तुझं पत्र येऊन पडलंय आणि मी उत्तर टाकलं नाही, त्याची कारणं देत बसत नाही. आज लिहितेय ते कामासाठी. कलकत्त्याच्या तुमच्या संग्रहालयात पतंगांची कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत असं तू कळवलं होतंस. त्यातलं एखादं माझ्यासाठी उघडशील का?

पतंग म्हणजे उडवायचा नव्हे, हे तुला सांगायला नको. इथे मात्र प्रत्येकाला सांगावं लागतं. आमच्या ह्यांनीसुद्धा आधी विचारलं, "मांजा कुठाय?" भूगोल शिकवणाऱ्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करणार.

झालं असं. श्रावणी सोमवारी सासूबाईंबरोबर पन्हाळ्याला गेले होते. त्यांचं माहेर गडाच्या पायथ्याशी आहे, त्यांचे भाऊ गुंडूमामा तिथे शेती करतात. देवदर्शन झाल्यावर सज्जाकोठीच्या पलीकडे उतारावर जेवायला बसलो. तिथे अंजनीची दाट झुडपं आहेत. दशमीचा घास हातात असताना समोरच्या खोडावरचं दगडफूल हललं. नीट पाहिलं तर तो पतंग होता. पंख खोडाला चिकटवून पसरलेले, रंग थेट मसाल्यातल्या दगडफुलाचा, करडा आणि मधेच शेवाळी. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून लोणच्याची बरणी रिकामी करून त्यावर उपडी घातली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीत पाकुळी घातलीस? आता ती बरणी मी कुठं ठिवू?" तेव्हापासून बरणी माझ्या माडीवर आहे आणि लोणचं बोलण्यात.

आता तो टाचणीवर आहे. नर आहे, कारण मिशा कंगव्यासारख्या आहेत. पुढच्या पंखावर तपकिरी दातेरी रेघ, मागच्या पंखावर एकच काळा ठिपका. मागच्या पायाची नळी फुगलेली आणि तिच्यावर गव्हाच्या काडीच्या रंगाचा केसांचा झुबका. चित्र काढून पाठवतेय. कॉलेजच्या पुस्तकात असा कुठलाच मिळत नाही. राजाराम कॉलेजात आपण एका ट्रेमध्ये बेडूक कापायचो, त्यानंतर तू पुढे शिकत गेलीस आणि मी या पेठेत आले. माझा हात अजून थरथरत नाही, हे चित्रावरून तुला दिसेल.

तुझी,
नंदिनी


कलकत्ता
९ सप्टेंबर १९५४

नंदू,

कपाट उघडलं. चित्र हातात धरून सगळे खण पालथे घातले. हा उंटअळीच्या घराण्यातला आहे, पाठीची कमान करत चालणारी अळी असते ना, तिचा. आमच्याकडे याचा एक सख्खा भाऊ दिसतो. तीच दातेरी रेघ, तोच ठिपका, पायावर तसाच झुबका. फक्त शेवाळी छटा आमच्याकडे नाही. पण जुन्या नमुन्यांचा हिरवा रंग उडतो, त्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही.

पंखांवर मुळीच विश्वास ठेवू नकोस. पावसाळ्यात एक रंग, उन्हाळ्यात दुसरा, हे यांचं चालूच असतं. खरी ओळख नराच्या पोटाच्या टोकाशी असते. तिथे दोन झडपा असतात आणि वर एक आकडा. मीलनाच्या वेळी मादीला धरून ठेवायला त्यांचा उपयोग. प्रत्येक जातीची घडण वेगळी, कुलूप आणि किल्लीसारखी. बाहेरून दोन पतंग हुबेहूब दिसले तरी तिथे फरक निघाला तर जात निराळी.

पतंग पोस्टाने पाठवू नकोस, भुकटी पोचेल. ते काम तूच कर. पोटाचं टोक कापून घे, कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणात घालून गरम पाण्यात ठेव. मांस विरघळतं आणि कठीण भाग राहतो. मग धुऊन ग्लिसरिनमध्ये घे आणि सूक्ष्मदर्शकाखाली चित्र काढ. सूक्ष्मदर्शक मिळेल का? आणि मुख्य म्हणजे तुमच्या घरात हे चालेल का? मी इथे आमच्या विभागात एकटीच बाई आहे. पतंगाचा हा भाग मी टेबलावर घेतला की शेजारचे दोघे तिघे बाबूलोक चहाला उठून जातात. तेवढीच शांतता मिळते.

लीला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ ऑक्टोबर १९५४

प्रिय लीला,

आकड्याला दोन टोकं आहेत. आधी हे सांगते, कारण बाकी सगळं सांगत बसले तर तू मधली पानं उलटून चित्रच शोधशील.

आता रीतसर सांगते. सूक्ष्मदर्शक ह्यांनी आणला. कॉलेजच्या प्रयोगशाळेचे कारभारी ह्यांच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर, त्यामुळे सुट्टीपुरता मिळाला. पोटॅश औषधांच्या दुकानातून आलं. परसात वातीचा स्टोव्ह मांडला, पातेल्यात पाणी, पाण्यात काचेची नळी आणि नळीत तीळभर तुकडा. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काय उकळतीस?"

"त्या पतंगाचं टोक."

"चहागत?"

"मांस जाऊन आतला सांगाडा दिसावा म्हणून."

"आणि दिसला म्हंजे काय हुईल?"

"हा कुठल्या जातीचा ते कळेल."

"पाकुळीला जात कशाला पायजे?" असं म्हणून त्या परत तांदळाकडे वळल्या. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण मी माडीवर खिडकीपाशी भिंगाला डोळा लावला तेव्हा मागे उभ्या होत्याच. त्यांनाही बघायला दिलं. दोन झडपा उघडून पसरलेल्या होत्या आणि वर आकडा.

"ह्यो तर अडकित्ता हाय की," म्हणाल्या.

काय आहे ते मी खरंखरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर पुढे दर वेळी सांगावं लागलं असतं. त्या भिंगापासून मागे झाल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, "मेलेल्याची तरी लाज ठिवा गं बायांनो." जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "बघू पुन्यांदा."

मग मी तुझी कुलूप-किल्लीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती फार मन लावून ऐकली.

"म्हंजे ह्याची सोयरीक दुसऱ्या जातीत जमतच न्हाय?"

"नाही जमत."

"बरं हाय की. पत्रिका बघायचं काम न्हाय."

सोबत चित्र आहे. झडपांच्या वरच्या कडेला एक जाड काटा आहे, खालची कडा केसाळ. आकडा मुळाशी रुंद, मधे बारीक आणि टोकाशी दुभंगलेला. तुटलेला नाही, मी सुईने फिरवून सगळीकडून पाहिला. दोन्ही टोकं गुळगुळीत आणि सारख्या लांबीची आहेत. तुझ्या कपाटातल्या भावाचा आकडा कसा आहे ते लगेच कळव. मला दुसरं काही सुचत नाही. काल आमटीत दोनदा मीठ पडलं.

नंदिनी


कलकत्ता
१९ ऑक्टोबर १९५४

नंदू,

आमच्याकडच्या भावाचा आकडा एकटोकी. त्या गोतातल्या जेवढ्या जाती आमच्याकडे आहेत त्या सगळ्यांचा एकटोकी. छापलेल्या वर्णनांतही दुटोकी कुठे नाही. मी चित्र घेऊन आमचे प्रमुख सेनबाबू यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि विचारलं, "हे कुणी काढलं?" मी म्हटलं, माझी मैत्रीण, कोल्हापूरला असते. "कुठल्या संस्थेत?" मी म्हटलं, घरात.

पण त्यांचं एक म्हणणं बरोबर आहे. नमुना एकच आहे. एखाद्या वासराला दोन शेपट्या असतात, तसा हा एखादाच विचित्र निपजला असेल तर? आणखी नर हवेत, निदान दोन तरी, आणि मिळाली तर मादी.

आता घाईचं कारण. हॉलंडमध्ये डॉ. टरवील म्हणून एक वृद्ध तज्ज्ञ या घराण्यावर मोठा ग्रंथ लिहीत आहेत. दख्खनमधून जुन्या काळी गेलेल्या पेट्या त्यांच्याकडे आहेत. त्यांच्या हाती हाच पतंग लागला आणि त्यांनी आधी छापलं तर नाव त्यांचं. त्यात अन्याय काही नाही, नियमच तसा आहे. पण पन्हाळ्याचा पतंग हॉलंडात बारशाला बसावा हे मला काही बरं वाटत नाही.

तर दिवाळीच्या सुट्टीत पन्हाळ्याला जा. त्याच उतारावर, त्याच झुडपांवर शोध. पतंग नाही मिळाला तर अळ्या शोध. उलटी छत्री फांदीखाली धरायची आणि फांदी काठीने झोडपायची, अळ्या छत्रीत पडतात. वाट पाहतेय.

लीला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
३० ऑक्टोबर १९५४

प्रिय लीला,

पत्र मिळालं. आनंद झाला. पन्हाळ्याला जाणं सध्या जमेलसं वाटत नाही. घरात कामं निघाली आहेत. पुढच्या श्रावणात बघू. सेनबाबूंना माझा नमस्कार सांग. दिवाळीचा फराळ पाठवतेय, चकली वाटेत मोडली असेल तर तशीच खा.

नंदिनी


कलकत्ता
१० नोव्हेंबर १९५४

नंदिनी,

चकली मोडलेलीच आली. तू मोडलीस तशीच.

पुढच्या श्रावणात बघू म्हणजे काय? मी तुला समजावून सांगितलं की थांबायला वेळ नाही, आणि तू मला घरातल्या कामांचं सांगतेस. बी.एस्सी.ला तू माझ्या पुढे होतीस. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सर तुझा ट्रे सगळ्यांना दाखवायचे. तुझं लग्न ठरलं तेव्हा मी काही बोलले नाही, कारण सयाजीराव चांगले आहेत. पण मला तेव्हाच दिसत होतं की तू त्या घराची होऊन बसशील. भिंगातून पुन्हा बघायला तुझ्या सासूबाई जिन्यावरून परत आल्या, म्हणून मला वाटलं होतं घर मोकळं आहे. आता कळलं. त्या तुला सोडणार नाहीत, आणि तूही उंबऱ्याशी भांडणार नाहीस.

सांग तर मी सयाजीरावांना लिहिते. नाहीतर राहू दे.

लीला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२९ नोव्हेंबर १९५४

प्रिय लीला,

तुझं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. वाचता वाचता रडायला लागले. आत्याबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. लीला रागावलीय."

"काय म्हंती?"

मी सगळं वाचून दाखवलं. त्या तुला सोडणार नाहीत, तेही. का वाचलं कुणास ठाऊक, वगळायचं सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "माझं नाव कशाला घेती ती? तू तिला सांगितलं न्हाईस व्हय?"

नव्हतं सांगितलं. आता सांगते. मला दिवस गेलेत. गेल्या वर्षीही गेले होते, तेव्हा तुला कळवलं होतं आणि तू बाळाला टोपडं पाठवलं होतंस. ते यायच्या आतच सगळं आटोपलं होतं. तुला मी त्यानंतर काहीच लिहिलं नाही आणि तूही कधी विचारलं नाहीस. या वेळी ठरवलं होतं की पाचवा लागेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी चढउतार करू नको म्हणून सांगितलंय. घरातली कामं म्हणजे एवढंच होतं.

पुढचं ऐक. आत्याबाईंनी डोळे पुसायला पदर दिला आणि विचारलं, "तुला पुन्ना तसलीच पाकुळी पायजे, एवढंच न्हवं?"

"हो. किंवा तिच्या अळ्या."

"मग आदी बोलायचं की. पोटुशी बाई गडावर जायाची न्हाई. मी जातो."

आणि गेल्या. रविवारी ह्यांना बरोबर घेऊन पहिल्या गाडीने. छत्री कशी धरायची ते मी दोघांनाही घरात करून दाखवलं होतं. बाकीचं ह्यांच्या तोंडून ऐकलंय. आत्याबाई काठी घेऊन अंजनी झोडपत होत्या आणि हे खाली उलटी छत्री धरून उभे. गडावर फिरायला आलेलं एक पुण्याचं कुटुंब थांबलं. त्यातले गृहस्थ म्हणाले, "आजी, काय गोळा करताय?"

"अळ्या. पायजेत का पावणं?"

ते कुटुंब झपाझप पुढे गेलं म्हणे. हे सांगतात, मुख्याध्यापक भेटले असते तर मी छत्री सुलटी करून डोक्यावर घेतली असती, अळ्यांसकट.

एका डब्यात पाल्यासकट अळ्या आल्या आहेत. सगळ्या एका जातीच्या नाहीत, पण त्यात काही उंटअळ्या आहेत, पानाच्या देठासारख्या हिरव्या, पाठीवर जांभळट ठिपके. फांदीवर काडी होऊन निश्चल उभ्या राहतात. आत्याबाईंनी त्यांच्यासाठी लोणच्याची दुसरी बरणीही दिली. तू मला रागावलीस याचा मला राग नाही. इतकं कुणी माझ्यासाठी रागावतं हे बरं वाटलं. फक्त आत्याबाईंना चार ओळी लिही.

तुझी,
नंदू


कलकत्ता
९ डिसेंबर १९५४

नंदू,

टोपड्याचं मला विचारायला हवं होतं. विचारायचं धाडस झालं नाही, आणि मग इतके दिवस गेले की विचारणंच अवघड झालं. आता जपून राहा. डॉक्टरीणबाई सांगतील ते सगळं कर.

सोबतचा कागद आत्याबाईंना वाचून दाखव. त्यात फक्त तीन गोष्टी आहेत. माझं चुकलं. तुमचे उपकार झाले. अळ्यांना रोज ताजा अंजनीचा पाला लागतो.

लीला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
६ फेब्रुवारी १९५५

प्रिय लीला,

कागद वाचला. तिसऱ्या गोष्टीवर त्या लगेच उठल्या. गुंडूमामांना निरोप गेला आणि तेव्हापासून पन्हाळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे अंजनीची जुडी येते. स्टँडवर ह्यांना ती घेताना पाहून ह्यांच्या शाळेत बातमी पसरली की साळोखे मास्तरांनी शेळी पाळली.

अळ्या मोठ्या झाल्या, मातीत शिरल्या, कोष झाले. काही मेले. मग एका सकाळी बरणीच्या काचेवर पतंग बसलेला, पंख अजून ओले. पाठोपाठ आणखी आले. तीन नर, दोन माद्या. मादीच्या मिशा साध्या दोऱ्यासारख्या आहेत, पायावर झुबका नाही, अंगाने जरा मोठी.

आता अडचण ऐक. मारण्याची बाटली बाहेर काढली तर आत्याबाई मधे उभ्या राहिल्या. "पोटुशीनं जीव मारायचा न्हाय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "माझ्याकडे नको बघू, मी छत्री धरली, तेवढं पुरे." मी आत्याबाईंना विचारलं, मग काय करायचं? त्या म्हणाल्या, "किती दिस जगत्यात?" म्हटलं, थोडेच. "मग मरतील की आपसूक. तुला तेचं टोकच पायजे न्हवं, पंख कशाला?"

मी वाद घालणार होते, पण त्यांचं बरोबर होतं. पंख झिजतात, फाटतात. आकडा झिजत नाही. तूच लिहिलं होतंस, पंखांवर विश्वास ठेवू नको. म्हणून जाळीच्या पेटीत सोडले, मधाचं पाणी ठेवलं आणि वाट पाहिली. पेटीत फडफडून त्यांच्या पंखांच्या चिंध्या झाल्या. एक एक करून गेले. त्यानंतर मी माझं काम केलं, नेहमीच्याच पातेल्यात.

तिन्ही नरांचा आकडा दुटोकी आहे. तिन्हींचा. झडपेवरचा काटाही तसाच. चित्रं आणि आकडे बसवलेल्या काचपट्ट्या कापसात गुंडाळून वेगळ्या पाठवल्या आहेत. पंखांच्या चिंध्याही पाठवल्या. सेनबाबूंनी विचारलं तर सांग, हे पतंग वृद्धापकाळाने वारले.

नंदिनी


कलकत्ता
१४ मार्च १९५५

नंदू,

काचपट्ट्या सुखरूप पोचल्या. सेनबाबूंनी एकेक पाहिली. शेवटची पाहून म्हणाले, "जात नवी आहे." ते असं वर्षातून एकदाही म्हणत नाहीत.

नंतर जे झालं ते तुला सांगू की नको असा विचार केला, पण आपण दोघींनी लपवालपवी पुष्कळ केली आहे. त्यांचं म्हणणं पडलं की निबंध संग्रहालयाच्या नावे जावा, ते आणि मी लिहावा, आणि शेवटी तळटीप द्यावी, नमुने सौ. साळोखे यांच्या सौजन्याने. मी म्हटलं, नमुने तिचे, छेद तिचे, चित्रं तिची, मग मी लिहिणार काय? ते म्हणाले, तिला पदवीपलीकडे काही नाही, संस्था नाही, तिचं नाव वर कसं घालणार? मी म्हटलं, मग माझंही नको. काचपट्ट्या उचलल्या आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे तुला माहीत आहे.

आठवडा गेला. मग काल माझ्या टेबलाशी आले आणि उभ्यानेच म्हणाले, "ज्या बाईने हे पाहिलं तिनेच वर्णन लिहावं. मी तपासीन. वाईट असेल तर परत पाठवीन." त्यांचं नाव ते घालणार नाहीत. म्हणजे आता तुला लिहायचंय. मी कपाटातल्या भावंडांशी तुलना लिहीन. बाकी सगळं तुझं. तुझं नाव आधी.

लीला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१७ जून १९५५

प्रिय लीला,

मुलगी झाली. दोघी सुखरूप. तार केली होती, ती पोचली असेल. नाव सुनेत्रा ठेवलं, आत्याबाई मात्र पाकुळीच म्हणतात.

वर्णन लिहून झालं. बाळ झोपलं की लिहायचं आणि उठलं की वाक्य अर्ध्यावर सोडायचं. म्हणून वाक्यं आखूड आहेत, सेनबाबूंना ती आवडतील. मिशा, मुख, पंख, पाय, आणि मग झडपा आणि आकडा. आकड्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. मूळ नमुना म्हणून लोणच्याच्या बरणीतला पहिला नर, त्याचेच पंख धड आहेत.

पत्त्याची जागा मात्र कोरी ठेवली आहे. तिथे संस्थेचं नाव घालतात. ह्यांनी विचारलं, "आपला पत्ता काय वाईट आहे?" मग शिवाजी पेठ, कोल्हापूर, असं घातलं.

जातीचं नाव मी तुझ्यावरून ठेवते आहे. तू नोकरी पणाला लावलीस. यावर वाद नको.

नंदू


कलकत्ता
२८ जून १९५५

पाकुळीला पापा. वाद आहे. मी सहलेखिका आहे, स्वतःचं नाव स्वतः ठेवून घेतलं असं दिसेल. सगळे हसतील. मी म्हणते आत्याबाईंवरून ठेव.

लीला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ जुलै १९५५

लीला,

आत्याबाईंना विचारलं. म्हणाल्या, "माझं नाव पाकुळीला? पेठेत तोंड दाखवू का नको?" मग थोड्या वेळाने बाळाला तेल लावता लावता म्हणाल्या, "गडाचं द्या की. गडाला कुणी हसत न्हाय."

म्हणून पन्हाळ्याचं नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचं शेपूट कसं जुळवायचं ते तू बघ.

नंदिनी


कलकत्ता
२० मार्च १९५६

नंदू,

छापून आलं. सोबत प्रती पाठवतेय. पहिल्या पानावर तुझं नाव, खाली शिवाजी पेठ. चित्र पूर्ण पानभर घेतलंय. डॉ. टरवील यांना मी स्वतः एक प्रत हॉलंडला धाडली. त्यांचा ग्रंथ अजून छापखान्यात गेलेला नाही.

आणि माझी नोकरी कायम झाली. शिफारस सेनबाबूंनीच केली होती.

लीला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२६ ऑगस्ट १९५६

प्रिय लीला,

गेल्या मंगळवारी हॉलंडहून पत्र आलं. पाकिटावर डॉ. एन. साळोखे. पोस्टमन पिराजी गल्लीच्या तोंडापासून विचारत आला, इथे साळोख्यांत डॉक्टर कोण? आमच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या मागे बाळाबाई होत्या, समोरच्या, गुडघा धरून. त्यांना वाटलं हे रात्रीतून डॉक्टर झाले.

आत्याबाईंनी त्यांना बसवलं आणि सांगितलं, "डॉक्टर आमची सून हाय. पर ती गुडघ्याचं बघत न्हाय." मग कशाचं बघते असं बाळाबाईंनी विचारलं. आत्याबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी बाळाला घेऊन आत गेले. बाहेर काय सांगितलं ते मला माहीत नाही. बाळाबाई बऱ्याच वेळाने गेल्या आणि जाताना गुडघा विसरून गेल्या होत्या.

पत्र टरवीलसाहेबांनी हाताने लिहिलंय, अक्षर थरथरतं. माझं चित्र पाहून त्यांनी आपल्या पेट्या उघडल्या. दख्खनच्या एका जुन्या पेटीत, चुकीच्या चिठ्ठीखाली, दोन नर निघाले. दोघांचाही आकडा दुटोकी. ते आयुष्यभर त्या खणाशेजारून गेले आणि पंख ओळखीचे म्हणून कधी आत पाहिलं नाही, असं लिहितात. आता त्यांनी चिठ्ठी बदलली आहे आणि ग्रंथात तुझं-माझं नाव घालून आपल्या दोघींचं वर्णन जसंच्या तसं घेणार आहेत. शेवटी विचारलंय, त्यांच्याकडे सह्याद्रीतले न ओळखलेले पतंग बरेच आहेत, डोळे आता साथ देत नाहीत, तर मी ते तपासीन का? पेटी पाठवायची त्यांची तयारी आहे. आरंभी लिहिलंय, प्रिय महाशय.

हे सगळं मी चुलीपाशी बसून मराठीत सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे सूक्ष्मदर्शक आता आपला घ्यावा लागणार. गोलकीपर कितीदा देईल?" आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "त्यानं तुला बाप्या समजलं व्हय?"

"हो."

"मग कळीव की त्याला. आणि पेटी पाठीव म्हणावं."

तसंच कळवलं. खाली सही केली ती पूर्ण नावाने, बी.एस्सी. एवढीच पदवी लावून. बाई आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि डॉक्टर नाही हे दुसऱ्या.

काल आत्याबाईंनी माडीवरची फळी मोकळी केली. तिच्यावरचे पापडाचे डबे खाली गेले. पिराजी आज सकाळी टपाल घेऊन आला तेव्हा मी बाळाला न्हाऊ घालत होते. तो ओट्याशी उभा राहून विचारत होता, हॉलंडची पेटी आली तर सही कुणाची घ्यायची, मास्तरांची का? आत्याबाईंचा आवाज न्हाणीपर्यंत आला.

"मास्तरांची कशाला? जिची पेटी तिची सही. ती घरातच हाय."

तुझी,
नंदिनी